दाराच्या अलीकडून

दुधाच्या हिशेबाचं कॅलेंडर
फ्रिजशेजारी खिळ्याला.
एप्रिलच्या सहा तारखेपर्यंत त्यावर तुझं अक्षर:
दीड लिटर, दीड लिटर, एक.
सातपासून माझं.
शहाण्णव. पंचाण्णव. ताप एकशे एक.
दूध अर्धा लिटर.

तू मागच्या खोलीत, मी ओट्यापाशी,
मध्ये दार, कडी आतून.
दारापाशी ते स्टूल
ज्यावर चढून तू दिवाळीत माळ्यावरचे डबे काढतेस.
त्यावर ताट ठेवायचं, टकटक करायची,
नऊ पावलं मागे यायचं.
डॉक्टरांनी नऊ सांगितली नव्हती,
मीच ठरवलं होतं.
पण दांडिया बाजारातल्या घरात
नऊ पावलं मागे जायला जागा नसते.
सहाव्याला ओटा लागतो.
उरलेली तीन मी जागच्या जागी टाकायचो.

फोनवरून तू मला स्वयंपाक शिकवलास,
लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाल्यावर.
"मोहरी तडतडू दे. थांब. आता हिंग.
चिमूटभर. चिमूट म्हणजे मूठ नव्हे."
खोकला.
"हळद."
मग बराच वेळ काही नाही.
मी हळदीचा चमचा धरून उभा,
तुझा श्वास स्पीकरवर मोठा करून ऐकत,
कढईकडे पाठ.

फोडणी जळली.
धूर जिन्यात गेला, जिन्यातून वर.
हंसाबेन गॅलरीतून ओरडल्या,
"अच्युतभाई, शुं बळे छे?"
गल्लीच्या टोकाचा इस्त्रीवालासुद्धा
मान वर करून बघायला लागला.

आतून तू काहीच म्हणाली नाहीस.
तू, जी दूध उतू जायच्या आधी
बाहेरच्या खोलीतून नुसत्या वासावर ओरडतेस.
आकडा तेव्हा त्र्याण्णव होता.
आकड्याला मी इतका नाही घाबरलो.

त्या संध्याकाळपासून वरून दोरी यायला लागली,
दोरीला कापडी पिशवी,
पिशवीत खिचडी, लिंबू,
एकदा कुठून तरी मिळवलेल्या गोळ्यांचं अर्धं पाकीट.
मी पिशवी रिकामी करून दोरीला झटका द्यायचो.
त्या ओढून घ्यायच्या.
एवढंच बोलणं.

खालच्या जशुभाईंना रिक्षातून नेलं.
एका हातात चार्जर, दुसऱ्यात पाण्याची बाटली.
वर बघून म्हणाले, स्कूटर जरा सावलीत लावा,
उन्हानं सीट फाटते.
मी लावली.
पण सावली दुपारी सरकते.
म्हणून रोज चारला, गल्लीत कुणी नसताना,
तोंड बांधून खाली उतरायचो
आणि स्कूटर हातभर पुढे ढकलायचो.
अकरा दिवस.

बाराव्या दिवशी त्यांचा मुलगा आणंदहून आला.
किल्ली मागितली.
मी जिन्यावरूनच टाकली.
ती त्याच्या पायाशी पडली
आणि आम्ही दोघं तिच्याकडे बघत राहिलो.
त्याने खिशातून सॅनिटायझर काढला,
मग परत ठेवला,
आणि किल्ली तशीच उचलून मुठीत घट्ट धरली.
मला त्याला काहीतरी म्हणायचं होतं.
मी म्हणालो, पेट्रोल आहे त्यात.

वर आलो, हात धुतले, परत धुतले.
पोटात काही जात नव्हतं, तरी कढी करायला घेतली,
कारण ताटाची वेळ झाली होती.

"अहो!"
फोन नाही, दारातून.
"हिंगाची डबी उपडी केलीत का?
डोकं उठलं इथे!"

मी गॅस बंद केला.
ओट्याला टेकून खालीच बसलो, फरशीवर,
फुटेस्तोवर उकळलेल्या कढीच्या वासात.
जशुभाईंचं तुला सांगायचं होतं.
त्या दिवशी नाही सांगितलं.

कॅलेंडरवर त्या चौकोनात आकडा लिहिलाच नाही.
लिहिलं: हिंग जास्त.

दार पुढे दोन दिवस बंदच होतं.
मी स्टुलावर ताट ठेवायचो,
टकटक करायचो,
सहा पावलं मागे यायचो.
उरलेली तीन नाही टाकली.